औषधपेटी : सुखरूप बाळाची नोंद कोण ठेवतं?

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. माझ्या सुनेला सोळावा आठवडा चालू आहे. सुरुवातीपासून उलट्यांनी बेजार आहे. डॉक्टरांनी आधी डॉक्सिनेट दिली. तिचा फारसा उपयोग होईना म्हणून दहाव्या आठवड्यात ऑन्डान्सेट्रॉन सुरू केली. तिनं आराम पडला, दोन घास पोटात राहू लागले. मागच्या आठवड्यात मुलानं अमेरिकन सरकारची औषधांच्या दुष्परिणामांची यादी संगणकावर उघडली. या गोळीच्या नावापुढे व्यंग असलेल्या बाळांचे रिपोर्ट पानंच्या पानं निघाले. कुणाचा ओठ फाटलेला, कुणाच्या हृदयाला भोक. त्या रात्रीपासून आम्ही गोळी बंद केली. आता तीन दिवस झाले, पाणीसुद्धा ठरत नाही. गोळी पुन्हा द्यायची का? आणि आधी पोटात गेलेल्या गोळ्यांचं काय?
— एक होणारी आजी, मांजलपूर, बडोदे

उत्तर : आजी, तुमचं पत्र अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. तेव्हा बोलले तेच इतर वाचकांसाठी लिहिते. गरोदर बाईच्या पोटात दिवसभर पाणी ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. लघवीत कीटोन तपासतील, सलाइन लावतील. बरेच दिवस अन्न गेलं नसेल तर ग्लुकोज चढवण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायचं असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. गोळीचा विचार त्यानंतर. शरीर कोरडं पडण्याचा धोका आज घरात आहे.

आता त्या यादीकडे वळू. मी तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीआधीची काही वर्षं दुष्परिणामांचे फॉर्म तपासून पुढे पाठवण्याचं काम केलं. यादीत नाव चढतं कसं, ते मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलेलं आहे.

बाळ जन्मतं आणि त्याचा ओठ दुभंगलेला निघतो. आई रडत असते. सासू, माहेरची माणसं, नर्स, डॉक्टर सगळे एकच विचारतात : दिवस गेल्यावर काय काय घेतलंस? ती बिचारी आठवत बसते. डोकं दुखलं तेव्हाची गोळी आठवते, उलटीची आठवते. कुणीतरी फॉर्म भरतं आणि गोळीचं नाव यादीत जातं. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही तीच गोळी घेतलेली असते. तिचं बाळ धडधाकट असतं. तिला कुणी काही विचारत नाही. ती पेढे वाटते आणि घरी जाते.

शाळेत अपूर्णांक शिकलो होतो ना, त्या भाषेत सांगायचं तर या यादीत अंश आहे, छेद नाही. किती बाळांना व्यंग निघालं त्याचे रिपोर्ट आहेत. किती बायांनी गोळी घेतली होती, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही. छेदाशिवाय प्रमाण काढता येत नाही, आणि ही यादी ठेवणारं अमेरिकेचं औषध प्रशासन स्वतःच तसं बजावून सांगतं : रिपोर्ट आहे म्हणजे औषधानंच ते झालं असं नाही, आणि या आकड्यांवरून धोक्याचं प्रमाण काढू नका.

माझंच सांगते. १९८४ च्या श्रावणात मला तिसरा महिना होता आणि मलेरिया झाला. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात त्या पावसाळ्यात घरटी एक जण हुडहुडी भरून पडलेला होता. मी क्लोरोक्विनचा पुरा कोर्स घेतला. सासूबाईंनी गोळ्यांची पुडी हातात घेऊन मला तीनदा विचारलं, ‘पोरी, नक्की घ्यायच्या?’ मी घेतल्या, कारण गरोदरपणातला मलेरिया गर्भपात घडवू शकतो, बाळाचं वजन घटवतो, हे मी वर्गात शिकवत होते. मुलगी फेब्रुवारीत झाली. तिला आता स्वतःची दोन मुलं आहेत. क्लोरोक्विन घेऊन झालेलं हे निरोगी बाळ जगातल्या एकाही यादीत नाही. मी औषधशास्त्राची शिक्षिका, आणि मलाही ते कुठे कळवावं असं सुचलं नाही. तिचा ओठ दुभंगलेला असता तर मात्र कुणीतरी नक्की लिहिलं असतं, आणि क्लोरोक्विनपुढे एक रिपोर्ट वाढला असता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कुठलंही औषध न घेता, सगळं नीट सांभाळूनही, शंभरातल्या दोन-तीन बाळांना जन्मतः एखादं मोठं व्यंग असतं. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. म्हणजे औषधांचा काही संबंध नसतानाही दर वर्षी निदान चार लाख घरांत ही वेळ येते. त्या चार लाखांतल्या बहुतेक आयांनी नऊ महिन्यांत एखादी तरी गोळी घेतलेली असणारच. जी गोळी जास्त खपते, तिचं नाव यादीत जास्त वेळा येणार.

तुमच्या गोळीचा छेदासकट केलेला हिशेब उपलब्ध आहे. २०१८ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ लाखांवर गरोदरपणं तपासली, त्यांतल्या ८८ हजारांवर बायांनी पहिल्या तीन महिन्यांत ऑन्डान्सेट्रॉन घेतलेली होती. हृदयाच्या व्यंगात वाढ दिसली नाही. ओठ-टाळू दुभंगण्याचं प्रमाण, गोळी न घेतलेल्यांत दहा हजारांत ११ होतं, घेतलेल्यांत १४. इतर कारणं वजा केल्यावर गोळीच्या वाट्याला दहा हजारांत तीन जादा बाळं येतात. हा आकडा शून्य नाही, आणि मी तो लपवणारही नाही. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर आधी दुसरी गोळी देऊन पाहतात, तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं. बाळाचा वरचा ओठ दहाव्या आठवड्याच्या आत जुळलेला असतो, टाळू तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस. तुमच्या सुनेची गोळी सुरू झाली तेव्हा ओठ झालेला होता, आणि आज सोळाव्या आठवड्यात टाळूही झालेला आहे. त्या भीतीपायी आता गोळी बंद ठेवण्यात काही हशील नाही. पुन्हा सुरू करायची का, किती आणि कशी, ते तिला तपासून डॉक्टरच सांगतील.

यादीतले रिपोर्ट कोण पाठवतं, हेही तुमच्या मुलाला सांगा. डॉक्टर पाठवतात, केमिस्ट पाठवतात, रुग्ण पाठवतात आणि अमेरिकेत वकीलही पाठवतात. एखाद्या औषधावर खटले उभे राहिले की रिपोर्टांचा पूर येतो, त्यांतले कित्येक बऱ्याच वर्षांपूर्वीच्या बाळंतपणांचे असतात. एकच बाळ डॉक्टरांकडून, कंपनीकडून आणि वकिलाकडून असं तीनदा येऊ शकतं. वर्तमानपत्रात बातमी आली की पुढचे काही महिने त्याच औषधाचे रिपोर्ट वाढतात. औषध तेच, बाया तेवढ्याच, फक्त लिहिणारे हात वाढलेले.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. दुभंगलेल्या ओठाच्या एका बाळाचा फॉर्म माझ्याकडे आला. डॉक्टरांनी एका गोळीवर बोट ठेवलेलं होतं. मी रकाने तपासले, तारखा जुळवल्या आणि फॉर्म पुढे पाठवला. तीन महिन्यांनी ती आई बाळाला टाके घातल्यावर दाखवायला आली. सोबत तिचे सासरे होते. बोलता बोलता ते म्हणाले, ‘आमच्या बहिणीचाही असाच होता.’ बाळाच्या बापाच्या सख्ख्या आत्याला तेच व्यंग, आणि मी घराण्याबद्दल विचारलंच नव्हतं. मी त्या दिवशी जोडपत्र पाठवलं, ते पहिल्या रिपोर्टला जोडलंही गेलं असेल. पण त्या यादीत नुसते आकडे मोजणाऱ्याला ती आत्या दिसत नाही. ते तीन महिने त्या आईनं काय काय सोसलं असेल, हे मनातून जात नाही. घरात सगळ्यांनी गोळीचा, म्हणजे तिचाच, दोष धरला होता.

मुलावर रागावू नका. त्यानं काळजीपोटीच पाहिलं. फक्त पुढच्या वेळी गोळी थांबवण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : तुमच्या मागच्या लेखातही तुम्ही या याद्यांबद्दल सावध राहायला सांगितलं होतं. मग त्या ठेवायच्या कशाला? थॅलिडोमाइडचा अनर्थ अशा रिपोर्टांमुळेच उघडकीला आला ना?
— एक अभियंता, गोत्री

उत्तर : चांगला प्रश्न आहे, आणि थोडं मागे जाऊन उत्तर द्यावं लागेल. थॅलिडोमाइडच्या वेळी अशी यादीच नव्हती. १९५७ च्या ऑक्टोबरात ते पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं. पुढे अनेक देशांत गरोदर बायांना मळमळीसाठीही दिलं गेलं. जर्मनीत विडुकिंड लेंझ या बालरोगतज्ज्ञांनी आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या प्रसूतितज्ज्ञांनी वेगवेगळे धागे धरून ते पकडलं. नोव्हेंबर १९६१ च्या अखेरीस जर्मनीतून औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. या धक्क्यानंतर देशोदेशी रिपोर्ट गोळा करण्याच्या व्यवस्था उभ्या राहिल्या आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या एकत्र जोडल्या. आज ते जागतिक भांडार स्वीडनमधल्या उप्साला इथून चालतं. भारतातले रिपोर्ट गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्रातून तिथे जातात.

मॅकब्राइड यांचं पत्र डिसेंबर १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. अगदी छोटं पत्र आहे. मी दर वर्षी विद्यार्थ्यांना ते वाचून दाखवत असे, एका कारणासाठी. त्यात दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. एरवी शंभरात साधारण दीड बाळाला व्यंग असतं, आणि हे औषध घेतलेल्या बायांच्या बाळांत मला जवळजवळ वीस टक्के दिसत आहेत, असं त्यांनी लिहिलं. त्यांनी छेद दिला. शिवाय ते व्यंगही असं, की एरवी उभ्या आयुष्यात एखाद्याच डॉक्टरच्या नजरेला पडावं. असं दुर्मीळ, ठसठशीत व्यंग असलं तर मूठभर रिपोर्टही पुरतात. यादीचं खरं बळ तिथे आहे.

आता याच डॉक्टरांची पुढची हकीकत. पुढे त्यांनी गरोदरपणातल्या उलट्यांच्या आणखी एका औषधावर आरोप केला. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये त्याला डेबेंडॉक्स म्हणत, अमेरिकेत बेंडेक्टिन. म्हणजे डॉक्सिलामिन आणि बी-६. आपल्याकडे आज घरोघरी लिहून दिली जाणारी डॉक्सिनेट ती हीच जोडी. अमेरिकेत एके काळी चारातली एक गरोदर बाई हे औषध घेत होती. मग विचार करा : इतक्या बाया घेत असतील तर व्यंग असलेल्या बाळांच्या आयांतही हजारो जणी निघणारच. रिपोर्ट आले, वर्तमानपत्रांत फोटो आले, खटले उभे राहिले, खटल्यांच्या बातम्यांनी आणखी रिपोर्ट आले. अभ्यासांमागून अभ्यास झाले, त्यांत धोका दिसला नाही. तरी १९८३ मध्ये कंपनीनं खटल्यांच्या खर्चाला कंटाळून औषध मागे घेतलं. त्यानंतर अमेरिकेत व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाण घटलं नाही. उलट्यांसाठी दवाखान्यात दाखल होणाऱ्या बाया मात्र वाढल्या. २०१३ साली हीच जोडी अमेरिकन सरकारनं पुन्हा मंजूर केली. मधली तीस वर्षं तिथल्या बायांनी नाहक सोसली. आणि मॅकब्राइड यांनी अशाच एका औषधावरच्या सशांच्या प्रयोगात आकडे बदलल्याचं सिद्ध झालं, १९९३ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. एकदा खरं ठरलेल्या माणसाचाही दुसरा शब्द तपासूनच घ्यावा लागतो.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर बोट्स्वानाचं घ्या. तिथे एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राविर हे औषध घेत असताना दिवस गेलेल्या ४२६ बायांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदूला किंवा मणक्याला व्यंग निघालं. २०१८ साली जगभर घबराट झाली. पण त्या अभ्यासाची रचना अशी होती की ठरलेल्या रुग्णालयांतलं प्रत्येक बाळंतपण मोजलं जात होतं, चांगलंही आणि वाईटही. ते मोजत राहिले. दोन वर्षांत ३५९१ बायांत ७ बाळं, आणि २०२२ पर्यंत साडेनऊ हजारांजवळ बायांत १०. म्हणजे हजारात एक, जवळपास इतर बायांइतकंच. मोजणी मध्येच थांबली असती तर एक चांगलं औषध लाखो बायांच्या हातून गेलं असतं.

तेव्हा यादी ठेवायची ती धूर दिसावा म्हणून. धूर दिसला की जाऊन पाहायचं, आग आहे की कुणी चूल पेटवली आहे. आणि तिची दुसरी बाजूही विसरू नका. जितकं खोटं त्यात चढतं, त्याहून जास्त खरं त्यात पोचतच नाही. २००६ मध्ये बारा देशांतले ३७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की दुष्परिणामांच्या शंभर घटनांतल्या साधारण ९४ कुणीच कळवत नाही.

प्रश्न : मुलीला वयाच्या चौदाव्या वर्षापासून फिट येतात. सोडियम व्हॅल्प्रोएट चालू आहे, चार वर्षांत एकही फिट नाही. आता लग्न ठरलंय. नात्यातल्या एका बाईंनी ही गोळी बाळाला वाईट असं सांगितलं. ही पण यादीचीच भीती समजायची का?
— आई, वाडी

उत्तर : नाही. इथे तुमच्या नातलग बाईंचं बरोबर आहे, आणि मला हे अगदी स्पष्ट लिहू द्या.

व्हॅल्प्रोएटची माहिती फिट येणाऱ्या बायांच्या नोंदवह्यांतून आलेली आहे. त्यांत बाईचं नाव बाळ जन्मायच्या आधी, काय होणार हे कुणालाच ठाऊक नसताना, लिहिलं जातं. मग बाळ निरोगी असो वा नसो, दोन्ही मोजलं जातं. युरोपातून चालणाऱ्या अशा एका मोठ्या नोंदवहीत सात हजारांवर गरोदरपणं मोजली गेली. त्यात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या शंभरातल्या दहा बाळांना मोठं व्यंग निघालं, लेव्हेटिरॅसेटम किंवा लॅमोट्रिजिन या फिटच्याच दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत तीनापेक्षा कमी. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त. आपल्याकडेही १९९८ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत केरळची अशी नोंदवही चालते आणि तिनं या विषयात मोलाचं काम केलं आहे.

यादी इथे उलट्या बाजूनं फसली. ही गोळी फ्रान्समध्ये १९६७ पासून आहे. मणक्याच्या व्यंगाशी तिचा संबंध १९८२ साली ल्यों शहरातल्या जन्मजात व्यंगांच्या नोंदींतून लागला. पण मुलांच्या बुद्धीवर, बोलण्यावर होणारा परिणाम नीट कळायला आणखी पंचवीस वर्षं गेली. कारण तो जन्माच्या दिवशी दिसत नाही. मूल पाचव्या वर्षी शाळेत मागे पडतं, तेव्हा सहा वर्षांपूर्वीच्या गोळीची आठवण कुणाला होते? रिपोर्ट कुणी लिहिलेच नाहीत.

आता काय करायचं. गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. अचानक थांबवली तर जोराच्या फिट येऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. लग्नाची तारीख पक्की करायच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा आणि सांगा, पुढे मूल हवं आहे. दुसरी गोळी लागू पडते का ते पाहायला, हळूहळू बदलायला काही महिने लागतात. बदल होईतो मूल राहू नये यासाठी काय करायचं, तेही तिथेच विचारा. फॉलिक ॲसिड दिवस जायच्या आधीपासून सुरू करायचं असतं, किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि जावयांना हे सगळं आधी सांगा. बैठकीत फिटची गोष्ट दडवून ठेवली, मग सासरी गोळ्या लपवून घेता घेता डोस चुकले, अशा दोन मुली मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर बायांनी पॅरासिटामॉल घेऊ नये असं सांगितलं. माझी ताई सातव्या महिन्यात आहे, तापातसुद्धा क्रोसिन घ्यायला तयार नाही.
— कॉलेजातली विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर : ते विधान सप्टेंबर २०२५ मधलं. त्यांनी गोळीचा संबंध मुलांच्या ऑटिझमशी जोडला होता. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. वरवर पाहता किंचित वाढ दिसत होती. मग त्यांनी एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी तिनं गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. रक्त तेच, घर तेच. अशी तुलना केल्यावर ती वाढ नाहीशी झाली. गोळी घेणाऱ्या बाईला ताप, दुखणं, जंतुसंसर्ग काहीतरी असतंच, त्याचा दोष गोळीच्या माथी जात होता. ताईला म्हणावं ताप अंगावर काढू नकोस. डॉक्टर सांगतील तितकी, लागेल तेवढेच दिवस गोळी घे. तापाचं कारणही शोधायला हवं, आपल्याकडे मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही आहेत.

प्रश्न : सुखरूप बाळांची नोंद नसते हे तुम्ही आमच्या भिशीत सांगितलं होतं. मला सहावा महिना आहे, थायरॉईडची गोळी आणि दम्याचा पंप चालू आहे. मी माझी नोंद कुठे करू?
— रावपुरा

उत्तर : असं विचारणारं पत्र या सदरात पहिल्यांदाच आलं, फार बरं वाटलं.

खरं ते सांगते. सरकारी फॉर्म मुळात त्रास कळवण्यासाठी आहे. काही दुष्परिणाम झाला, बाळाला काही झालं, तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. रुग्णांसाठी फॉर्म मराठीत आणि गुजरातीतही आहे. पण ‘मी औषध घेतलं आणि सगळं ठीक आहे’ असं सांगायला त्या फॉर्मात जागा नाही. माझं कितीतरी वर्षांचं गाऱ्हाणं हेच आहे. औषध कंपन्यांचे सुरक्षा विभाग गरोदरपणात औषध घेतल्याची माहिती स्वीकारतात, बाळंतपणानंतर पाठपुरावाही करतात. वेष्टनावर कंपनीचा पत्ता असतो. नव्या औषधांसाठी तरी हे जरूर करावं, आणि बाळाची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी व्हायच्या आत करावं. रिपोर्ट हातात आल्यावर लिहिलेल्या माहितीला निकालाचा रंग लागतो. तुमची सोनोग्राफी झाली असेल तरी कळवा, फक्त तिची तारीख आणि निकाल प्रामाणिकपणे लिहा.

घरात एक गोष्ट आजच करा. तुमच्याकडे ममता कार्ड, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड, असेल. त्याला एक कोरा कागद टाचा. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. वर शेवटच्या पाळीची तारीख. ताप आला, पडलात, एक्स-रे काढला, तेही लिहा. नंतर आठवून लिहिलेलं फसतं. ज्या आईचं बाळ आजारी असतं ती बारीकसारीक आठवत राहते, जिचं सुखरूप असतं ती विसरून जाते. घेतल्या दिवशी लिहिलं की दोघींची आठवण सारखी होते.

माझ्याकडे एक लांबट चोपडा आहे, मांडवीतून हिशेबाला आणलेला. मला औषधाबद्दल विचारायला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद मी त्यात त्याच दिवशी करते आणि शेवटचा रकाना रिकामा ठेवते. बाळ झाल्यावर फोन करून तो भरते. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, एका बाईची वही आहे. पण नवी सून घाबरत आली की मी तिच्यापुढे ती उघडते आणि तिच्याच गोळीच्या नावापुढचे शेवटचे रकाने तिला वाचू देते. जिथे बाळ आजारी निघालं तिथेही तसंच लिहिलेलं आहे, ते पान मी झाकत नाही. तुमची नोंद मी केली आहे. थायरॉईडची गोळी आणि पंप, दोन्ही चालू ठेवा. आई दम्यानं गुदमरली तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो.

प्रश्न : काढे आणि घरगुती औषधं पण लिहायची का? ती तर निर्धोक असतात.
— दांडिया बाजार

उत्तर : लिहायची. ती औषधं आहेत म्हणून तर आपण घेतो. आयुर्वेदिक औषधांचे दुष्परिणाम कळवण्याची वेगळी सरकारी व्यवस्थाही आहे. फॉर्म तपासताना मला ‘घरचा काढा’ एवढेच दोन शब्द वाचायला मिळायचे, त्यावरून काहीही कळत नाही. काढ्यात काय काय घातलं, किती, दिवसातून किती वेळा आणि तयार पुडी असेल तर तिच्यावरचं नाव, हे सगळं लिहा. पुडी फेकू नका, कागदाला टाचून ठेवा.